महापे ते बदलापूर: एआयच्या काळात राज्याची सायबर सुरक्षा कुणाच्या हातात?

(दृश्य: बदलापूर स्टेशन, सकाळची गर्दी, रिक्षा स्टँड)

मे २०२५. ऑपरेशन सिंदूरचे दिवस, टीव्हीवर रात्रंदिवस सीमेवरच्या बातम्या चालू होत्या, आणि त्याच दिवसांत आपल्या देशातल्या कॉम्प्युटरांवर पण हल्ले चालू होते ज्यांची टीव्हीवर फारशी चर्चा झाली नाही. महाराष्ट्र सायबरने, म्हणजे राज्याच्या सायबर पोलीस यंत्रणेने, नंतर 'रोड ऑफ सिंदूर' नावाचा एक रिपोर्ट काढला आणि त्यात आकडा दिला, देशभरात जवळपास १५ लाख सायबर हल्ले, मागे सात हॅकर ग्रुप, त्यातले यशस्वी झाले फक्त १५०. म्हणजे दहा हजारांत एक. मुंबई विमानतळाचा डेटा चोरला, निवडणूक आयोगाची वेबसाइट पाडली असले जे मोठे दावे सोशल मीडियावर फिरत होते ते या रिपोर्टने खोडून काढले.

पण जे हल्ले खरंच लागले त्यात एक नाव होतं कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचं. वेबसाइट विद्रूप केली गेली होती.

इथं जरा थांबूया. कारण राज्य सरकारचं एआय धोरण, सायबर सुरक्षेचं धोरण, त्यासाठीचे कोट्यवधी रुपये, हे सगळं कामाचं आहे की नाही हे मंत्रालयात बसून कळत नाही, ते अशा नगरपरिषदेत कळतं. शत्रूला मोठं दार उघडता आलं नाही की तो लहान खिडकी शोधतो, आणि महाराष्ट्रात अशा लहान खिडक्या खूप आहेत. ग्रामपंचायतीच मोजल्या तर २७ हजारांहून जास्त.

(दृश्य: नवी मुंबई, महापे, इमारतीचा बाहेरचा भाग)

आधी राज्याकडे काय आहे ते बघूया, कारण ते कमी नाहीये आणि उगाच नावं ठेवण्यात काही अर्थ नाही.

आपल्या राज्यघटनेत पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्याच्या यादीत आहेत. आयटी कायदा २००० चा, तो केंद्राचा. म्हणजे कायदा दिल्लीचा पण तुमची तक्रार घेणारा, तपास करणारा, कोर्टात उभा राहणारा पोलीस राज्याचा. म्हणूनच राज्याचं धोरण इतकं महत्त्वाचं ठरतं. महाराष्ट्राने यासाठी ८३७ कोटी रुपयांचा सायबर सुरक्षा प्रकल्प मंजूर केला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये महाप्याला त्याचं मुख्यालय सुरू झालं. कमांड अँड कंट्रोल सेंटर, तांत्रिक तपासाची टीम, राज्याची स्वतःची सर्ट म्हणजे सायबर हल्ला झाला की धावून जाणारी टीम, चोवीस तास नेटवर्कवर नजर ठेवणारं सिक्युरिटी ऑपरेशन सेंटर आणि ट्रेनिंगसाठी सेंटर ऑफ एक्सलन्स, असं सगळं एका छताखाली. देशाच्या १९३० हेल्पलाइनच्या जोडीला राज्याची १९४५ पण आली. तुलना करायची तर कर्नाटकने २०२४ मध्ये जी सायबर सुरक्षा पॉलिसी आणली तिचा पाच वर्षांचा खर्च साधारण १०४ कोटी. त्यांचा आराखडा वेगळा आणि आपला वेगळा हे खरं, तरी आपण पैशाला मागे नाही एवढं नक्की.

आणि नागपूरला आहे मार्व्हल. हे नाव ऐकून पोरांना सिनेमा आठवतो, पण ही राज्य सरकारची कंपनी आहे, २०२४ साली स्थापन झालेली, पोलिसांसाठी एआय बनवायचं हे तिचं काम, आणि आयआयएम नागपूर त्यात सोबत आहे. एखाद्या राज्याने फक्त पोलिसांच्या एआयसाठी वेगळी कंपनी काढायची ही देशातली पहिलीच वेळ.

(दृश्य: मोबाइल स्क्रीन, एकामागून एक व्हिडिओ)

आता हे सगळं का लागलं. १५ जानेवारी २०२४ ला सचिन तेंडुलकरांनी स्वतः पोस्ट टाकून सांगितलं की एका गेमिंग अ‍ॅपच्या जाहिरातीत जो मी दिसतोय तो मी नाही. चेहरा त्यांचा, आवाज त्यांचा वाटावा असा, आणि माणूस मात्र कुणीच नाही. गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बीकेसीतल्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजला लोकांना सावध करावं लागलं, कारण त्यांचे एमडी आशिषकुमार चौहान यांचा खोटा व्हिडिओ शेअरच्या टिप्स देत फिरत होता.

सचिनकडे सांगायला करोडो फॉलोअर्स आहेत. एनएसईकडे प्रेस नोट काढणारं ऑफिस आहे. पण बार्शीतल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या मुलाच्या आवाजात फोन आला, बाबा अपघात झालाय, लगेच पैसे टाका, तर त्या माणसाने कुणाला विचारायचं आणि किती मिनिटांत?

अजून एक गोष्ट आहे जी मराठी माणसासाठी फार महत्त्वाची आहे असं मला वाटतं. पूर्वी फसवणुकीचे मेसेज ओळखू यायचे. मोडकंतोडकं मराठी असायचं, 'आपला खाता बंद होईल' असलं काहीतरी, वाचूनच कळायचं की हा माणूस इथला नाही. ती आपली सगळ्यात स्वस्त सुरक्षा होती आणि ती आता गेली. आजचं एआय शुद्ध मराठीत नोटीस लिहितं, वीज बिलाची, बँकेची, अगदी कोर्टाची सुद्धा, त्यामुळे 'भाषा बघा, चुका दिसतील' हा सल्ला आता लोकांना देणं बंद केलं पाहिजे. सरकारी जनजागृतीच्या पोस्टमध्ये तो अजूनही दिसतो.

(दृश्य: पोलीस स्टेशन, तक्रार लिहून घेताना)

आता पोलीस स्टेशनला येऊ.

आयटी कायद्याचं कलम ७८ सांगतं की या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टर किंवा त्याच्या वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यानेच करायचा. २००८ च्या दुरुस्तीआधी तर डीवायएसपी लागायचा. शहरातल्या सायबर पोलीस स्टेशनला हे चालून जातं, पण ग्रामीण भागात बऱ्याच पोलीस स्टेशनचा इन्चार्जच एपीआय असतो, म्हणजे इन्स्पेक्टरच्या खालच्या हुद्द्याचा, आणि जिथे पीआय आहे तिथे त्याच्याकडे बंदोबस्त, यात्रा, मोर्चा, अपघात, खून सगळं असतं आणि त्यात हे पण. एका ऑनलाइन फसवणुकीत पैसे चार-पाच थरांतल्या खात्यांतून फिरतात, प्रत्येक बँकेला वेगळं पत्र, मोबाइल कंपनीला वेगळं, सोशल मीडिया कंपनीला वेगळं, आणि उत्तर आलं की त्यातून पुढचं खातं शोधायचं आणि परत पत्र. पैसा तोपर्यंत कुठल्या कुठे गेलेला असतो.

इथे एआय खरोखर उपयोगाला येतं. महाक्राइमओएस एआय नावाची सिस्टिम मार्व्हल, सायबरआय नावाची कंपनी आणि मायक्रोसॉफ्टने मिळून बनवली, नागपुरात २३ पोलीस स्टेशनमध्ये ती आधी वापरून बघितली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेलांच्या मुंबईतल्या कार्यक्रमात सांगितलं की ती राज्यातल्या सगळ्या ११०० पोलीस स्टेशनमध्ये नेणार. तक्रार पीडीएफमध्ये असो, फोटोत असो, मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत, सिस्टिम त्यातले खाते नंबर, मोबाइल नंबर, तारखा बाहेर काढते, तपासाची दिशा सुचवते, बँकांना पाठवायच्या पत्रांचे मसुदे बनवते. म्हणजे एखादा पीएसआय जे काम रात्री जागून करायचा त्यातला लिहायचा भाग हलका होतो. हे चांगलं आहे, मनापासून चांगलं आहे. ज्याने पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून आपल्या तक्रारीची वाट बघितलीय त्याला हे वेगळं सांगायला नको.

पण आता एक प्रश्न, आणि तो या व्हिडिओचा खरा विषय आहे.

जी सिस्टिम ११०० पोलीस स्टेशनच्या तक्रारी वाचणार आहे, तिच्यावरच हल्ला झाला तर?

(दृश्य: काळी स्क्रीन, एक पीडीएफ हळूहळू मोठी होते)

जगभरचे सुरक्षा अभ्यासक एका हल्ल्याबद्दल गेली काही वर्षं बोलतायत, प्रॉम्प्ट इंजेक्शन. एआयला वाचायला दिलेल्या कागदातच कुणीतरी लपवून सूचना लिहितो, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात, माणसाला दिसत नाही पण मशीन वाचते. त्यात लिहिलेलं असू शकतं की या खात्याचा उल्लेख करू नकोस, किंवा अमुक नंबर संशयित म्हणून दाखव. मशीनला कागदातला मजकूर आणि मालकाचा हुकूम यातला फरक नीट कळत नाही, हीच त्याची मूळ अडचण आहे. पोलिसांची सिस्टिम तर कामच हे करते, अनोळखी लोकांनी दिलेले कागद वाचणं. महाक्राइमओएसमध्ये असं काही घडलंय असं मी म्हणत नाहीये, अजिबात नाही. मी एवढंच म्हणतोय की असा हल्ला होऊ शकतो हे जगाला माहितीये, मग सिस्टिम गावोगाव नेण्याआधी तिच्यावर मुद्दाम असे हल्ले करून बघितले का, कुणी केले, आणि निकाल काय आला, हे लोकांसमोर यायला हवं. तपासाचे डिटेल देऊ नका, नावं देऊ नका, पण चाचणी झाली आणि अमुक संस्थेने केली एवढं तरी सांगा.

आणि एआय फक्त पोलिसांकडे नाही. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलं, २०२५ ते २०२९, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी. शेतकऱ्याला मराठीत सल्ला देणारं महाविस्तार अ‍ॅप आलं. 'आपले सरकार' पोर्टलच्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर आणायला व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटाबरोबर करार झाला. या प्रत्येक ठिकाणी सायबर सुरक्षा म्हणजे फक्त 'डेटा चोरीला जाऊ नये' इतकंच नाहीये. शेतीच्या सल्ल्यामागच्या डेटामध्ये कुणी गडबड केली आणि फवारणीचं प्रमाण चुकीचं सांगितलं गेलं तर चोरी काहीच होत नाही, पासवर्ड फुटत नाही, सर्व्हर चालू असतो, आणि शेतात मात्र पीक जळतं. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेलेत, त्या राज्यात हा धोका कागदी म्हणून सोडून देता येत नाही.

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी काय झालं आठवा. खऱ्या वेबसाइटसारख्या दिसणाऱ्या खोट्या वेबसाइट फिरायला लागल्या. ज्या बाईला महिन्याचे १५०० रुपये मिळतात तिच्याच आधारवर डोळा. उद्या तिला व्हॉट्सअ‍ॅपवर सरकारी वाटणारा, मराठीत गोड बोलणारा चॅटबॉट आला तर खरा कुठला आणि खोटा कुठला हे तिने कशावरून ओळखायचं, हे धोरणात लिहिलेलं असलं पाहिजे, तिच्या नशिबावर सोडलेलं नको.

(दृश्य: जुने फोटो, बंद पडलेली लोकल, रुळांवरून चालणारे लोक)

थोडं मागे जाऊया, कारण या राज्याने याआधी बरंच सोसलंय.

ऑगस्ट २०१८, पुणे, कॉसमॉस बँक. हॅकर्सनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत खोटा स्विच उभा केला, म्हणजे एटीएमने विचारलं की या खात्यात पैसे आहेत का, तर तो प्रश्न बँकेच्या मुख्य सिस्टिमपर्यंत पोहोचायचाच नाही, मधला खोटा स्विचच 'हो, द्या' म्हणायचा. २८ देशांतल्या एटीएममधून एका दिवसात पैसे निघाले, आपल्या कोल्हापुरात पण निघाले, आणि दोन दिवसांनी स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या परदेशी व्यवहारांच्या नेटवर्कमधून, जवळपास १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा दिली, आणि ते बहुतेक कार्ड घेऊन पैसे काढणारे लोक होते.

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, लॉकडाऊनचा काळ, हॉस्पिटलं भरलेली. पुढच्या वर्षी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले की महाराष्ट्र सायबरच्या अहवालात १४ ट्रोजन हॉर्स (साधं सॉफ्टवेअर असल्याचं भासवून आत शिरणारे व्हायरस) आणि बाहेरून आलेला ८ जीबी डेटा सापडल्याचं दिसतंय, सायबर घातपाताचा संशय आहे. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक होती, सायबर हल्ला नव्हता. एकच शहर, एकच सकाळ, दोन सरकारं, दोन उत्तरं. मुंबईकराने कुणावर विश्वास ठेवायचा? त्याच २०२१ च्या मार्चमध्ये एमआयडीसीच्या कॉम्प्युटरांवर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं आणि ऑनलाइन कामं ठप्प झाली.

या तिन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट सलते. घटना घडून गेल्यावर नेमकं काय झालं, कुठली फट राहिली होती, ती बुजवली का, हे सामान्य माणसाला सरकारकडून एका जागी, साध्या मराठीत कधीच वाचायला मिळालं नाही. विमान पडलं की चौकशी होते, अहवाल येतो, तो कुणीही वाचू शकतो. सायबर घटनेत मात्र सगळं 'संवेदनशील' म्हणून कपाटात जातं आणि पुढची नगरपरिषद त्याच फटीतून मार खाते.

(दृश्य: चेन्नई, सचिवालय)

तामिळनाडूने सप्टेंबर २०२० मध्येच 'सेफ अँड एथिकल एआय' नावाचं धोरण काढलं, आणि त्याच वेळी सायबर सुरक्षेचं धोरण पण काढलं. चॅटजीपीटी यायच्या दोन वर्षं आधी. त्यातला विचार मला आवडतो, की कुठल्याही सरकारी खात्याने एआय सिस्टिम लोकांसाठी सुरू करायच्या आधी तिचं मूल्यमापन व्हावं, त्यासाठी त्यांनी डीप-मॅक्स नावाचं स्कोअरकार्ड सुचवलं, त्यात प्रायव्हसी, गैरवापरापासून संरक्षण, ऑडिट, न्याय्यपणा अशा गोष्टींना मार्क. कागदावरचं प्रत्यक्षात किती उतरतं हा प्रत्येक राज्याचाच प्रश्न असतो, पण सुरू करायच्या आधी तपासा, हा क्रम त्यांनी लिहून ठेवला. आपल्याकडे मात्र उद्घाटन आधी होतं.

(दृश्य: नगरपरिषदेचं ऑफिस, कॉम्प्युटर, फायलींचे गठ्ठे)

आता परत लहान ऑफिसकडे.

केंद्राच्या सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. सिस्टिमचे लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं आणि काय केलं याच्या नोंदी, १८० दिवस जपायचे. हे सरकारी संस्थांना पण लागू आहे. आणि ज्या घटना कळवायच्या त्या यादीत एआय आणि मशीन लर्निंगच्या सिस्टिमवरचे हल्ले पण आहेत, २०२२ पासून. म्हणजे नियम आहे. प्रश्न असा की एखाद्या क वर्ग नगरपरिषदेत हा नियम कुणाच्या टेबलावर आहे? वेबसाइट बनवली ठेकेदाराने, होस्टिंग त्याच्याच नावावर, पासवर्ड त्याच्या मुलाकडे, देखभालीचा करार (एएमसी) संपून वर्ष झालं, आणि कॉम्प्युटरचं काम बघणारा मुलगा कंत्राटी, त्याचा पगार वेळेवर होत नाही. शनिवारी रात्री वेबसाइट गेली तर सोमवारी दुपारी कुणीतरी नागरिक येऊन सांगणार की साहेब, वेबसाइटवर काहीतरी भलतंच दिसतंय. सहा तास कधीच उलटून गेलेले असतात.

यात त्या कर्मचाऱ्याचा दोष मला दिसत नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही की हे तुझं काम आहे.

म्हणून मला वाटतं की राज्याच्या एआय आणि सायबर धोरणात सगळ्यात आधी हे यावं. प्रत्येक नगरपरिषद, पंचायत समिती, सरकारी हॉस्पिटल, जिथे जिथे लोकांचा डेटा आहे तिथे एका माणसाचं पद नमूद करून जबाबदारी, त्याचा पर्याय कोण ते पण, आणि त्याने रात्री दोन वाजता महाप्याला कुठल्या नंबरवर फोन करायचा तो नंबर भिंतीवर. लहान ग्रामपंचायतीला वेगळा माणूस परवडणार नाही, मान्य, मग तालुक्याला एक द्या पण नाव द्या. ठेकेदाराच्या करारात लिहा की लॉग आमचे, पासवर्ड आमचे, आणि एआय टूल वापरलं तर आम्हाला आधी सांगायचं. नागरिकांची यादी, रेशन कार्डाचे नंबर, तक्रारीचे अर्ज कुठल्यातरी फुकट चॅटबॉटमध्ये टाकून 'याचा सारांश दे' म्हणायचं हे सरकारी ऑफिसात चालणार नाही, हे पण लिहा, आणि नुसतं बंदी म्हणून सोडू नका, त्याला सुरक्षित पर्याय द्या, नाहीतर तो स्वतःच्या मोबाइलवर करणारच, काम तर संपवायचंय त्याला.

पोलिसांच्या बाबतीत अजून एक. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर सर्टिफिकेट द्यावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहायची, म्हणजे फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी पकडता येतं. मूळ फाइलसाठी ही सोय चांगली आहे. पण एआयने त्या फाइलवरून जी यादी बनवली, जो सारांश लिहिला, त्यातलं किती अधिकाऱ्याने स्वतः ताडून बघितलं आणि किती तसंच पुढे गेलं, याची नोंद केस डायरीत असावी. बचाव पक्षाचा वकील हा प्रश्न विचारणार आहे, आज नाही तर उद्या. आणि चुकीचा खाते नंबर निघाला आणि एखाद्या निर्दोष भाजीवाल्याचं खातं गोठवलं गेलं, तर त्याने कुणाकडे जायचं आणि किती दिवसांत ते उघडणार, हे पण आधीच ठरलेलं पाहिजे, कारण त्याचा धंदा रोजच्या पैशावर चालतो, त्याला तारीख पे तारीख परवडत नाही.

(दृश्य: स्क्रीनवर मोठ्या अक्षरात १९३० आणि १९४५)

हा व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. पैसे गेले तर आधी १९३० ला फोन करा, लाज वाटून रात्र घालवू नका, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत बँकेला ते रोखायला सांगता येतं आणि तो वेळ फार थोडा असतो. चॅट डिलीट करू नका, नंबर ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा, व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, लिहून ठेवा. घरच्यांचा आवाज ऐकून पैसे मागितले गेले तर फोन ठेवा आणि त्यांच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन लावा.

आणि तुम्ही तुमच्या गावच्या नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत कधी दाखल्याला गेलात तर तिथे विचारा, साहेब, आमच्या डेटाची जबाबदारी इथे कुणाकडे आहे? उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपये लागतात, आणि तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं.